पांढऱ्या दोऱ्यातली घरं

रसमियाच्या दुकानात शिरलं की गिऱ्हाईकाने कोट काढायच्या आधी तिचा प्रश्न यायचा.

"गाव कोणतं?"

कोलंबस शहरात, एका लॉण्ड्रीच्या आणि एका डोनटच्या दुकानाच्या मधे तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, लग्नाचे झगे अंगासरसे बसवणं. कोणी 'टोलेडो' म्हणालं, की तोंडातल्या टाचण्या न काढता ती विचारायची, "टोलेडो ठीक. पण घर कुठे? चर्चच्या कुठल्या अंगाला?" आणि गंमत म्हणजे लोक सांगायचे. ओहायोतले थोराड, अबोल शेतकरीसुद्धा एक पाय स्टुलावर ठेवून, हातवारे करून आपलं घर सांगायचे.

सुजाता मेश्राम चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात कोटाच्या बाह्या आखूड करायला गेली, तेव्हा तिलाही तेच.

"गाव कोणतं?"

"नागपूर."

"ते शहर झालं. मी गाव विचारलं."

"सोनबोडी."

"हां! सोनबोडीत विहीर आहे?"

"आहे."

"मग तुमचं घर विहिरीच्या कुठल्या अंगाला?"

सुजाताचा हात कोटाच्या बाहीत अर्धा अडकलेला होता, तो तसाच राहिला. शेजारच्या डब्लिन उपनगरातल्या मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणांमध्ये हा प्रश्न वेगळ्या कपड्यांत यायचा: 'मेश्राम म्हणजे नेमके तुम्ही कुठले हो?' त्याचं उत्तर तिने दोन वर्षांत घासूनपुसून तयार ठेवलं होतं. तेच तोंडातून बाहेर पडलं.

"मधोमध. मोठ्या विहिरीजवळ. देवळासमोर."

"छान जागा," रसमिया म्हणाली आणि बाहीला टाचणी लावली.

पुढची चार वर्षं सुजाताला ती टाचणी टोचत राहिली. कारण विहिरीच्या अलीकडे आणि पलीकडे यात काय फरक असतो, हे या बाईला ठाऊकच नव्हतं. तिच्याशी खोटं बोलायची काहीएक गरज नव्हती. सवय होती, एवढंच.

रसमिया बारा वर्षांची असताना, अठ्ठेचाळीस साली, तिचं बैत रुम्मान हे गाव युद्धात रिकामं झालं. रात्रीत गाढवावर बसून निघालेली मुलगी आधी तंबूत, मग अम्मानच्या एका खोलीत, मग नवऱ्यामागून ओहायोत आली. नवरा गेला, शिवणाचं मशीन राहिलं. दर शुक्रवारी बारा ते एक दुकानाला कुलूप लावून ती बसने डाउनटाउनला जायची आणि सरकारी इमारतीसमोर पाटी घेऊन उभी राहायची. पाटीवर घोषणा नव्हती. फक्त एवढंच: 'मला बैत रुम्मानबद्दल विचारा.' बहुतेक जण विचारायचे नाहीत. एका बाईने तिला तिथे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मुलीचा लग्नाचा झगा अर्धवटच परत नेला. रसमियाने घडी घालून दिली आणि वर चिठ्ठी लावली: 'डाव्या कुशीत दोन टाचण्या राहिल्यात, सांभाळून.'

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात टीव्हीवर तिच्या देशाचा शांतता करार झाला, हस्तांदोलनं झाली, तिच्या ओळखीच्यांनी मिठाई वाटली. हिने मिठाई घेतली आणि विचारलं, "त्या कागदात बैत रुम्मान आहे?" एक जण म्हणाला, "खालती, आज तरी नको." खालती म्हणजे मावशी. सुजाताने हे ऐकलं तेव्हापासून ती तिला मावशीच म्हणायला लागली. रसमियालाही तो शब्द आवडला.

पण तिचं खरं काम दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. तिथे एक डबलबेडची पांढरी चादर होती आणि तिच्यावर अख्खं बैत रुम्मान भरलेलं होतं. गल्ल्या, खळी, डाळिंबाची बाग, विहीर. जगभर पांगलेल्या गाववाल्यांना फोन करून ती विचारायची, टेपवर उतरवून घ्यायची. एकाने घर सांगितलं की ती पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाका घालायची. दुसऱ्याने, पहिल्याचं काही न ऐकता, तीच जागा सांगितली, की लाल दोरा. मग ते घर पक्कं.

"दोन तोंडं, एक घर," ती म्हणायची. "एका तोंडावर कोण विश्वास ठेवतो? आम्हाला तर म्हणतात, तिथे कोणी राहतच नव्हतं."

चादरीवर साठ घरं लाल होती. एकच पांढरं.

"हे कोणाचं?" सुजाताने एकदा विचारलं होतं.

"माझं."

"म्हणजे?"

"भाऊ तेव्हा दोन वर्षांचा. शेजारी मेले. दुसरं तोंड नाही."

"पण मावशी, तुम्हाला माहितीय ना ते कुठे होतं!"

"मला माहितीय," रसमियाने खांदे उडवले. "मी एकच तोंड झाले."

सुजाता नवऱ्याच्या व्हिसावर आली होती, तिला नोकरीची परवानगी नव्हती. विवेक ऑफिसला गेला, हर्षिता शाळेत गेली, की घरी ती आणि कॉम्प्युटर. म्हणून तिने टायपिंग अंगावर घेतलं. रसमिया टेप ऐकून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची, सुजाता नीट करून टाइप करायची. एकेका घराचं एकेक पान. अशी साठ पानं. पान संपलं की रसमिया तिच्या डोक्यावर हात ठेवायची. त्या हाताचं ओझं सुजाताला घरी येईपर्यंत पुरायचं.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये लायब्ररीने एक भिंत दिली. मे महिन्यात, दोन आठवडे. पन्नास वर्षं होत होती.

"माझ्या चादरीशेजारी तुझंही गाव लावायचं," रसमियाने जाहीर केलं. "लोक एकट्या बाईकडे बघत नाहीत. दोघींकडे बघतात."

"नको मावशी. कशाला?"

"का नको? तुझं गाव तर अजून जागेवर आहे! मी सुरुवातसुद्धा केलीय." तिने कपाटातून लिननचा तुकडा काढला. मोठी विहीर, देऊळ, आणि समोर पांढऱ्या दोऱ्यातलं एक छोटं, चौकोनी, खोटं घर. "आता दुसरं तोंड हवं."

"माय आजोबा इज कमिंग!" कोपऱ्यात बटणं निवडत बसलेली हर्षिता ओरडली. "इन एप्रिल!"

"अल्हम्दुलिल्लाह," रसमिया म्हणाली आणि सुजाताकडे वळली. "त्यांना काही सांगायचं नाही हं, बिन्ती, लेकी. त्यांनी तुझं न ऐकता बोललं पाहिजे."

सुजाताचे वडील रामभाऊ मेश्राम आले. सोनबोडीच्याच शाळेत एकोणतीस वर्षं मास्तर. अंगात सफारी, खिशाला दोन पेनं, आणि कोलंबसच्या थंडीला उद्देशून एकच वाक्य: "काय देश हाय बाप्पा, एप्रिल म्हणते अन् कुडकुडावते." त्यांना इंग्रजी वाचता यायचं. पण रसमियाचे अरबी वळणाचे उच्चार त्यांच्या कानाला लागेनात, आणि यांचे तिच्या. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत सुजाता दोघांच्या मधे बसली.

रसमियाने चहात पुदिना घातला. टेप सुरू केला.

"मास्तरसाहेब, डोळे मिटा. तुम्ही शाळेतून घरी निघालात. कुठून कुठे जाता?"

सुजाताने मराठीत सांगितलं. रामभाऊंनी खरंच डोळे मिटले.

"शाळेतून निंघालो. देवळामागून, मोठ्या विहिरीच्या बाजूनं. तिथं थांबायचं नाही, तिथं आमाले पाणी नव्हतं. मंग नाला. नाला वलांडला की पूर्वेला आपला पुरा, आपल्या लोकांची वस्ती. पहिलं घर आपलं. दारात आपली विहीर. माझ्या बापानं अन् त्याच्या दोन भावांनी खणली, तीन उन्हाळे. पाणी लागलं तवा बाप आत होता, त्यानं आतूनच हाक मारली." ते हसले. "हे सांग बाईले. आतूनच हाक मारली."

रसमिया सुजाताकडे बघत होती. पेन्सिल कागदावर.

सुजाताचं तोंड उघडलं. आता चार वर्षं मागे जायचं होतं. एका वाक्यात. आणि समोर ही बाई, जिने स्वतःचं घर लाल केलं नव्हतं.

"ते म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली, "शाळेतून निघालो, देवळामागून मोठ्या विहिरीपाशी. तिथेच आमचं घर."

"त्यापेक्षा जास्त बोलले ते."

"विहिरीबद्दल बोलले. पाणी फार चांगलं होतं म्हणाले."

"देवळासमोर?"

"हो."

रसमियाने रामभाऊंचा हात दोन्ही हातांत घेतला. "थँक्यू, थँक्यू," म्हणत लाल दोऱ्याचं रीळ उचललं.

रामभाऊंनी हात सोडवून घेतला नाही. फक्त मुलीकडे बघितलं. वर्गात कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघतात तसं. रागाने नव्हे. त्याच्या बापाची कीव आल्यासारखं.

गाडीत त्यांनी आधी पट्टा लावून घेतला. मग म्हणाले, "वेल, टेंपल, यस. येवढं तं मले समजते वं."

"बाबा, तिला ते कळलं नसतं. पुरा, नाला. तिला त्यातलं काही माहीतच नाही."

"मंग सांगाले काय हरकत होती?"

सुजाताने सिग्नलकडे बघितलं. सिग्नल हिरवा होऊन गेला होता, मागून हॉर्न वाजत होता.

"माझा बाप तीन उन्हाळे खाली उतरला," रामभाऊ म्हणाले. "तू एका मिनिटात त्याची विहीर बुजवली. अन् तेही माझ्या तोंडानं."

"व्हाय इज आजोबा मॅड?" मागच्या सीटवरून हर्षिताने विचारलं.

चौदा एप्रिलला एका शाळेच्या कॅफेटेरियात वीस-पंचवीस माणसांनी जयंती केली. रामभाऊंना बोलायचा आग्रह झाला. त्यांनी पाण्याची गोष्ट सांगितली, ती विहीर, ती आतून मारलेली हाक. लोकांनी डोळे पुसले. सुजाता मागे पुऱ्या वाढत होती. कोणीतरी म्हणालं, "ताई, काय भाग्यवान हो तुम्ही!" तिने आणखी एक पुरी वाढली.

एकोणीस दिवस तिने काढले. मे उजाडला, लायब्ररीची भिंत अकरा दिवसांवर आली, तेव्हा एका सकाळी दुकान उघडायच्या वेळी ती दारात उभी होती.

"मावशी, ते घर उसवा."

"कुठलं?"

"माझं. ते तिथे नाहीये."

तिने सगळं सांगितलं. नाला, पुरा, दोन विहिरी, आणि शेवटी टेपवरचं ते भाषांतर. रसमिया ऐकत होती. मधे एकदाच विचारलं, "म्हणजे त्या विहिरीवर तुम्हाला पाणी भरू देत नव्हते? तुमच्याच गावात?"

"हो."

"आणि म्हणून तू मला सांगितलंस की तू तिथेच राहत होतीस."

"हो."

सुजाताला वाटलं होतं, ही आता जवळ घेईल. किंवा ओरडेल तरी. रसमियाने चष्मा काढून पुसला.

"तू माझी साठ घरं टाइप केलीस," ती म्हणाली.

"ती खरी आहेत! मावशी, त्यात मी..."

"मला कसं कळणार?"

पुढचे आठ दिवस त्या दोघी फोनपाशी बसल्या. डेट्रॉइट, शिकागो, ह्यूस्टन, अम्मान. सुजाता पान वाचायची, रसमिया अरबीत सांगायची, पलीकडचा माणूस हो म्हणायचा. हो. हो. हो. सुजाताचा श्वास मोकळा व्हायला लागला. मग एकोणिसावं पान आलं. डेट्रॉइटची उम्म जमील, वय वर्षं ऐंशी. सुजाताने वाचलं: 'दगडी घर, पुढे प्रशस्त अंगण.' रसमियाने सांगितलं. फोनमधून असा आरडाओरडा झाला की रसमियाने रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"काय म्हणतायत त्या?"

"विचारतेय, माझ्या शेळ्या कुठे गेल्या?"

सुजाताला आठवलं. टेपवर होतं: एकच खोली, आम्ही सात जण आणि चार शेळ्या, हिवाळ्यात त्यांच्याच उबेने झोपायचो. इंग्रजीत ते कसंतरीच दिसत होतं. लोक काय म्हणतील, असं वाटलं होतं. तिने शेळ्या काढल्या होत्या आणि अंगण घातलं होतं. त्याला खोटं म्हणतात हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

साठांपैकी सात पानांवर असं निघालं. कुठे गोवऱ्यांचा धूर गेला होता, कुठे अनवाणी पाय. सातही तिने पुन्हा टाइप केली. रसमियाने या वेळी डोक्यावर हात ठेवला नाही.

राहता राहिलं सोनबोडी.

"माझे बाबा सांगतील," सुजाता म्हणाली. "या वेळी मी मधे बसत नाही."

"ते तोंड आता चालणार नाही. तुम्ही दोघं बोललात. दुसरं शोध."

सुजाताने घरी येऊन विचारलं. रामभाऊ कितीतरी दिवसांनी तिच्याशी नीट बोलले. "राजाराम पाटलाचा अनिल हाय न इथं, टेक्सासात. अर्विंग म्हणते. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. पास झाला तवा पेढे घेऊन आला होता घरी. नाला वलांडून. घरी गेल्यावर आईनं आंघोळ घातली म्हणे त्याले." ते हसले. "तो कसा विसरन?"

मराठी मंडळाच्या अधिवेशनाच्या स्मरणिकेत नंबर मिळाला. फोन रसमियाने दुकानातून केला, सुजाताला काउंटरपलीकडे बसवून. उत्तर सुचेल असा प्रश्न ती कधीच विचारायची नाही.

"मिस्टर पाटील? मी गावांचे नकाशे भरते. हो, कापडावर. तुमच्या सोनबोडीत एक मास्तर होते, मेश्राम... हो, हयात आहेत, तुमची आठवण काढतात... त्यांचं घर कुठे होतं?"

मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. सुजाताला फक्त तिची पेन्सिल दिसत होती. पेन्सिल हलत नव्हती.

"नक्की?... ठीक आहे. थँक्यू."

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"आधी गप्प बसला. मग म्हणाला, गुरुजी फार थोर माणूस. मग म्हणाला, आमच्याकडे तसलं काही नव्हतं हो, सगळे एकत्रच राहायचे." रसमियाने कागद वाचला. "घर गावातच. देवळाजवळ कुठेतरी."

बाहेर लॉण्ड्रीची मशिनं घुमत होती.

"दोन तोंडं," शेवटी रसमिया म्हणाली. "तुझं आणि त्याचं, एकमेकांचं न ऐकलेली. देवळाजवळ. माझ्या नियमाने हे घर आता लालच राहायला हवं."

"तो खोटं बोलला!" सुजाताचा आवाज चढला. "लाज वाटली त्याला, म्हणून बोलला. त्याला सगळं माहितीय, तो स्वतः आला होता..."

"तुलाही माहीत होतं."

चार वर्षं त्या पाटलाचं काम सुजातानेच फुकटात केलं होतं.

"बाबांना घेऊन ये," रसमिया म्हणाली.

रामभाऊ आले. या वेळी ते खुर्चीवर ताठ बसले आणि दुभाष्याची वाट न बघता, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा, स्वतःच्या इंग्रजीत बोलले. "नॉट इनसाइड, मॅडम. आउटसाइड. ईस्ट. बियॉन्ड द स्ट्रीम. माय फादर डग अ वेल." आणि मग दोन्ही हात खाली, जमिनीत दाखवत, "ही शाउटेड फ्रॉम बिलो."

सुजाताने उसवायची बारीक सुरी घेतली आणि देवळासमोरचा लाल चौकोन टाका-टाका करून काढला. लिननला भोकं राहिली. मग पांढरा दोरा ओवून कापडाच्या पूर्व टोकाला, नाल्यापलीकडे, घर घातलं. घरासमोर विहीर. रामभाऊ मान पुढे काढून बघत होते. "थोडी मोठी कर," ते म्हणाले. "सात हाताची होती."

"लाल कधी?" सुजाताने विचारलं.

रसमिया आपल्या चादरीसमोर उभी होती. साठ लाल घरं, आणि भोवतीचं कोरं कापड. हाताने ती चादरीच्या कडेकडेने चाचपत गेली, खळ्यांपलीकडे, जिथे काहीच भरलेलं नव्हतं.

"इथे लोहार होता," ती म्हणाली.

"कोण?"

"भटका. तंबूत राहायचा. आमचे नांगराचे फाळ त्याच्याकडेच जायचे. हिवाळाभर असायचा, कधीकधी उन्हाळाही. आम्ही निघालो तेव्हा तोही तिथेच होता." ती खाली बसली. "साठ घरं. किती तोंडं झाली? एकानेही त्याला सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. गावातला नव्हता ना तो."

रामभाऊंनी मुलीला विचारलं, "काय म्हणते बाई?"

सुजाताने सांगितलं. या वेळी शब्दाला शब्द.

रसमियाने हात पुढे केला. सुजाताने सुईत पांढरा दोरा ओवून तिच्या हातात दिला. पहिला टाका पडला, दुसरा पडला. चादरीच्या अगदी काठावर तंबूचं टोक दिसायला लागलं.

"त्याची एक मुलगी होती," रसमिया म्हणाली. "माझ्याएवढी. तिने मला लोखंडाची अंगठी करून दिली होती. मी आईच्या भीतीने ती कधी घरात घातली नाही."

"नाव काय तिचं?" सुजाताने टाइप करायला कागद ओढला.

सुई कापडात अर्धी शिरून थांबली. रसमियाने डोळे मिटले. बारा वर्षांच्या मुलीने खळ्यांपलीकडे बघावं तसा तिचा चेहरा झाला. सुजाता वाट बघत राहिली. रामभाऊ वाट बघत राहिले.

"थांब," रसमिया म्हणाली. "थांब हं."